ब्रुकलिनचा जील्यो: सव्वाशे खांदे आणि वर बसलेला बँड

विंचवाचं_बिऱ्हाड (रविवार, रात्री ११:१०)

आज दुपारी आमच्या गल्लीतून एक सात मजली मनोरा नाचत गेला. थापा मारत नाहीये. शंभरेक पावलं गेला, जागच्या जागी गोल फिरला, परत आला. वर बँड बसलेला, खाली माणसं.

आम्ही न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, विल्यम्सबर्गात राहायला आलो त्याला दोन वर्षं झाली. मागच्या जुलैत नेमके भारतात होतो. परतलो तेव्हा बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्रारींचा खच पडला होता. रस्ता बंद, गाडी काढता येत नाही, रात्री ट्रम्पेट झोपू देत नाही. म्हणून या वर्षी मी आधीच कानात घालायचे बोळे आणून ठेवले होते. पाकीट अजून फोडलेलं नाही.

नीट सांगते. हॅवमायर स्ट्रीट आणि नॉर्थ एट्थ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आवर लेडी ऑफ माउंट कार्मेल नावाचं कॅथलिक चर्च आहे. जुलैत त्याच्या भोवतीच्या रस्त्यांवर जत्रा भरते. एक निमित्त कार्मेल मातेचा सण, तो १६ जुलैला. दुसरं निमित्त संत पाओलीनो, नापोलीजवळच्या नोला गावचा बिशप. त्याच्या नावाने उचलतात तो मनोरा म्हणजे जील्यो. शब्दाचा अर्थ लिलीचं फूल. नोलाहून पोटापाण्यासाठी आलेल्या लोकांनी १९०३ मध्ये इथे तो पहिल्यांदा नाचवला.

कथा अशी (खालच्या मजल्यावरच्या आजींनी सांगितली तशीच देते): चाच्यांनी नोलावर धाड घातली आणि गावातले तरुण आफ्रिकेत पळवून नेले. एक विधवा रडत पाओलीनोकडे आली, माझा एकुलता एक गेला म्हणाली. बिशप म्हणाला, त्याच्या जागी मी जातो. आणि खरंच गेला, गुलाम झाला. पुढे तिकडच्या एका तुर्काला हे कळलं, त्याला दया आली आणि त्याने सगळ्यांनाच सोडून दिलं. बोटीतून परत आले तेव्हा गाव लिलीची फुलं घेऊन किनाऱ्यावर उभं होतं. त्या फुलांचा शतकानुशतकं वाढत वाढत मनोरा झाला. म्हणून जील्योबरोबर एक बोटही उचलतात, तिच्यावर फेटा बांधलेला तुर्क उभा असतो. दोन टोकांनी दोघं निघतात आणि शेवटी समोरासमोर येतात.

आता मनोरा. उंची सत्तर फुटांच्या वर, वजन चार टनांच्या आसपास. आत धातूचा सांगाडा, दर्शनी बाजूला कागदाच्या लगद्याचे देवदूत, संत, फुलं, अगदी टोकावर खुद्द पाओलीनो. पायथ्याशी चौथरा, त्यावर डझनभर वाजवणारे आणि एक गाणारा. चौथऱ्याला दांडे, आणि दांड्यांखाली सव्वाशेच्या आसपास पुरुष.

मी दांड्याच्या टोकापासून दहा फुटांवर उभी होते. खालच्या माणसांना काहीही दिसत नाही, पुढच्याची मान तेवढी दिसते. शर्टाच्या आत खांद्यावर टॉवेलची घडी. समोर हातात काठी घेतलेला एकजण, त्याला कापो म्हणतात. तो सांगेल तसं करायचं. बँड सुरू झाला, गाणारा नापोलीच्या बोलीत आळवायला लागला, एका ठरलेल्या सुराशी आला, कापोची काठी वर गेली, आणि मनोरा रस्त्यापासून सुटला. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, काहीतरी करकरेल. काही नाही. लिफ्ट निघावी तसा अलगद.

मग पावलं. उचलून टाकलेली नव्हेत, घासत टाकलेली. अडीचशे बूट डांबरावर एकदम. खर्र. खर्र. वर पाओलीनो तारांच्या आणि फांद्यांच्या मधून डुलतोय. गाण्याच्या शेवटच्या ठोक्याला सगळ्यांनी एकाच वेळी ओझं सोडलं. मी गटाराच्या लोखंडी झाकणावर उभी होते. ते पायाखाली वाजलं.

धागा काढायचं खरं कारण पुढेच आहे. उचलणाऱ्यांपैकी फार थोडे आता इथे राहतात. कुणी स्टेटन आयलंडहून येतं, कुणी लाँग आयलंडहून, कुणी जर्सीहून. इथली भाडी त्यांना झेपत नाहीत, किंवा बापाने घर विकून पैसे केव्हाच घेतले. चौथी पिढी आहे. इटालियन येत नाही. तरी जुलैत कामावर रजा टाकून खांदा मोडायला येतात. हे कसं जमतं?

हार्बर_लाईन

फोटो? फोटो न टाकता मनोऱ्यावर एवढं लिहिणाऱ्यांना या संस्थळावर दंड असायला हवा.

बाकी हे सॅन जेनारोच ना? मॅनहॅटनमध्ये गेलो होतो एकदा. सॉसेज, सिमला मिरची, आणि टी-शर्टची दुकानं.

मधलीसुट्टी

@हार्बर_लाईन, नाही हो. सॅन जेनारो मलबरी स्ट्रीटवर, सप्टेंबरात, अकरा दिवस, १९२६ पासून. तो नापोली शहराचा संत, हा नोलाचा. अंतर आपल्याकडे ठाणे ते कल्याण असेल तेवढंच, पण त्या लोकांना हे सांगून बघा.

मी दोन्ही पाहिलेत. मलबरीवर खाणं चाललेलं असतं आणि मधूनच संत जातो. विल्यम्सबर्गात मनोरा चाललेला असतो आणि लोक मधूनच खातात. माझ्या दृष्टीने फरक एवढाच, पण मोठा आहे.

आणि मनोराही एकच नाही. मॅनहॅटनच्या ईस्ट हार्लेममध्ये संत अंतोनियोचा जील्यो आहे, ब्रुशानो गावच्या लोकांचा. तो १९७० च्या सुमारास बंद पडला, कारण वस्ती उठून गेली. २००० साली त्यांच्याच पोरांनी पुन्हा सुरू केला. ऑगस्टात असतो, प्लेझंट अ‍ॅव्हेन्यूवर. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर "नेहमीच जमतं" असं नाही.

पन्हाळ्याचा_वारा

ताई, लेख वाचून अंगावर काटा आला. चैत्र पौर्णिमेला आमच्या वाडी रत्नागिरीला, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर या. सासनकाठी बघा. तीस-चाळीस फुटांचा वेळू, त्याला पागोटी गुंडाळलेली, वर तुरा. एकजण कमरेच्या पट्ट्यात बुडखा घेऊन नाचवतो आणि चौघं-पाचजण चारी बाजूंनी दोर ताणून धरतात. हलगी वाजायला लागली की काठीच माणसाला नाचवते. गुलाल इतका की खाली जमीन दिसत नाही. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीच्या काठीचा.

तुम्ही लिहिलंय ना, पुढच्याची मान तेवढी दिसते? आमचंबी तसंच. वर काय चाललंय ते नाचवणाऱ्याला दिसत नाही, दोरवाल्यांच्या तोंडाकडं बघून कळतं.

आणि हो, आमच्या भावकीतली निम्मी पोरं पुण्याला कंपनीत. यात्रेला रजा मिळाली नाही तर नोकरी सोडतील, पण काठी सोडणार नाहीत. दोघांनी खरंच सोडल्यात.

चांगभलं!

चिकित्सक_अण्णा

लेख छान, पण कथेत दुरुस्ती हवी.

पाओलीनो (सुमारे ३५४ ते ४३१) मुळात नोलाचा नव्हेच. जन्म आजच्या फ्रान्समधल्या बोर्दोचा, गडगंज रोमन घराणं, सरकारदरबारी मोठा हुद्दा. बायको थेरासिया स्पेनची. एकुलतं एक मूल जन्मल्यावर आठवड्याभरातच गेलं. त्यानंतर दोघांनी संपत्ती वाटायला काढली आणि नोलाला संत फेलिक्सच्या समाधीपाशी येऊन राहिले. चांगला लॅटिन कवी होता. त्या काळचा मोठा धर्मपंडित संत ऑगस्टिन याच्याशी पत्रव्यवहार होता.

गुलामगिरीची कथा पोप ग्रेगरी यांनी लिहून ठेवली, ती सहाव्या शतकाच्या शेवटी. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनी. त्यांच्या कथेत चाचे नाहीत, व्हँडल आहेत (रोमन साम्राज्यात घुसलेल्या टोळ्यांपैकी एक), आणि पाओलीनो तिकडे राजाच्या जावयाकडे माळीकाम करतो. अडचण अशी की व्हँडल आफ्रिकेत उतरले ४२९ मध्ये आणि पाओलीनो वारला ४३१ मध्ये. पंच्याहत्तरीच्या माळ्याला कोण ठेवून घेईल? आणि तुर्क तर या चित्रात यायला अजून कित्येक शतकं होती. बोटीवरचा फेटेवाला नंतरच्या, भूमध्य समुद्रातल्या चाचेगिरीच्या काळाचा पाहुणा आहे.

आता गंमत. ४१० मध्ये रोम लुटून झाल्यावर गॉथांनी (अशीच दुसरी टोळी) नोलाही लुटलं आणि तेव्हा पाओलीनो खरोखर त्यांच्या हाती सापडला होता, असं खुद्द ऑगस्टिनने लिहिलंय. म्हणजे कैद खरी. बाकी कैद कुणाची आणि कुठे, ते लोकांनी आपल्या भीतीप्रमाणे बदलत नेलं.

अवांतर: लॅटिनमध्ये घंटेला काम्पाना म्हणतात आणि छोट्या घंटेला नोला. नोला ज्या प्रांतात आहे तो काम्पानिया. त्यावरून चर्चमध्ये घंटा आणण्याचं श्रेयही लोकांनी याच गृहस्थाच्या पदरात टाकलं आहे. पुरावा शून्य.

हार्बर_लाईन

अण्णा, ७५ वर्षांच्या माळ्याला कोणी ठेवून घेणार नाही हे तुम्ही आमच्या सोसायटीत येऊन म्हणून दाखवा. आमच्या दादांना मग कळेल की आपण कधीच रिटायर व्हायला हवं होतं.

विंचवाचं_बिऱ्हाड

अण्णा, धन्यवाद. दुरुस्ती आजींना सांगितली. त्या म्हणाल्या, "मग तुर्काला काढून बोटीत कोणाला उभं करू?"

सातासमुद्री

मी नोलाला जाऊन आलोय, कंपनीच्या कामाने नापोलीत होतो तेव्हा. २२ जून हा पाओलीनोचा दिवस, त्यानंतरच्या रविवारी तिकडचा सण. तिकडे एक नाही, आठ मनोरे असतात, प्रत्येक जवळपास पंचवीस मीटर, आणि नववी बोट. प्रत्येक मनोरा जुन्या एकेका धंद्याचा: भाजीवाले, किराणावाले, गुत्तेवाले, बेकरीवाले, खाटीक, चांभार, लोहार, शिंपी. आपल्या बारा बलुतेदारांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. उचलणाऱ्यांना तिथे कुल्लातोरी म्हणतात. म्हणजे पाळणा हलवणारे. हा शब्द मला फार आवडला. गल्ल्या इतक्या अरुंद की मनोरा वळवताना सज्जातल्या बायका हात लावू शकतील.

२०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, इटलीतल्या आणखी तीन गावांच्या अशाच खांद्यावरच्या मिरवणुकांबरोबर. ब्रुकलिनचा त्यात नाही. तो वेगळा आहे, त्याचं काय वाईट?

पेइंग_गेस्ट

कोणीतरी दुसरी बाजू मांडायलाच हवी. मी त्याच भागात राहतो. महिन्याला जे भाडं देतो त्यात माझ्या गावी घराचा पाया निघेल. बारा दिवस गाडी कुठे लावायची हा प्रश्न माझा, आणि परंपरा त्यांची. ते लोक इथे राहत नाहीत, कर भरत नाहीत, येतात, गोंगाट करतात, जातात. पुण्यात गणपतीत डॉल्बीबद्दल आपण सगळे बोटं मोडतो, मग इथे एकदम गहिवर का?

विंचवाचं_बिऱ्हाड

@पेइंग_गेस्ट, गाडीबद्दल सहानुभूती आहे. पण "येतात, गोंगाट करतात, जातात" यावर एक गोष्ट सांगते.

चर्चच्या शेजारून ब्रुकलिन-क्वीन्स एक्स्प्रेसवे जातो, तो तुम्ही रोज ऐकत असालच. त्याचा गोंगाट बारा दिवसांचा नाही, ३६५ दिवसांचा. १९४० च्या दशकाच्या शेवटी तो बांधताना या लोकांचं जुनं चर्च वाटेत येत होतं. पाडलं. चर्चबरोबर भोवतालची घरंही गेली. आताचं चर्च त्यानंतरचं. आजींची आई त्या पाडलेल्या घरांपैकी एकात राहायची. मनोरा मात्र त्या वर्षांतही निघत राहिला, असं त्या सांगतात. आधी त्यांच्या गल्लीतून रस्ता गेला, मग त्यांच्या गल्लीत आपण आलो. मी आपलं फक्त क्रम सांगतेय.

आणि डॉल्बी कोणी खांद्यावर घेत नाही.

पेइंग_गेस्ट

शेवटचं वाक्य मान्य. बाकीच्यावर विचार करतो. गाडी तरी कुठे लावू?

भुईगावकरीण

वसईची कॅथलिक म्हणून दोन शब्द. आमच्याकडे कार्मेल मातेची भक्ती घरोघरी. माझ्या आजीच्या गळ्यात कायम तपकिरी उत्तरीय असायचं, दोन छोटे कापडी तुकडे दोरीने जोडलेले. ते कार्मेल मातेचंच. शेवटी तिच्याबरोबरच पुरलं. त्यामुळे ब्रुकलिनच्या आजी परक्या वाटल्या नाहीत.

मधलीसुट्टींनी ईस्ट हार्लेमचा उल्लेख केला म्हणून आठवलं. तिथे ११५व्या रस्त्यावर दुसरं माउंट कार्मेल चर्च आहे, तेही इटालियन मजुरांनी बांधलेलं. जुन्या काळी तिथल्या सणात लोक मेणाचे हात, पाय, डोकी घेऊन यायचे. गुडघा दुखतोय तर मेणाचा पाय, मूल आजारी तर मेणाचं मूल. हे वाचलं तेव्हा मी हसले, कारण वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत सप्टेंबरात मी स्वतः मेणाचं घर वाहिलंय (फ्लॅट मिळाला, विरारला). दोन समुद्रांपलीकडे तीच मेणबत्ती.

आणि ते चर्च बांधलं इटालियनांनी, पण कित्येक वर्षं त्यांना मिस्सेसाठी (चर्चमधल्या उपासनेसाठी) जागा मिळाली तळघरात. वरचं चर्च इतरांसाठी. त्या काळात न्यूयॉर्कच्या चर्चवर आयरिश धर्मगुरूंचा पगडा होता. त्यांना हे नाचणं, मूर्तीला नोटा टाचणं, अनवाणी चालणं अडाणीपणाचं वाटायचं. आपल्याच धर्माच्या माणसाने नाक मुरडलेलं जास्त लागतं, हे मी सांगायला नको.

जिज्ञासू_२

पण हे सगळं मूर्तिपूजेतच मोडत नाही का? बायबलमध्ये तर मनाई आहे ना?

भुईगावकरीण

@जिज्ञासू_२, आराधना देवाची, संतांना मान. तुम्ही आजोबांच्या फोटोला हार घालता तेव्हा फोटोची पूजा करता का? नवीन धागा काढा, तिथे भांडू.

मधलीसुट्टी

भुईगावकरीण यांच्या प्रतिसादात भर. त्या ११५व्या रस्त्यावर आता जुलैत गर्दी असते ती हैतीच्या लोकांची. त्यांच्या देशात कार्मेल मातेचा सण खूप मोठा, सो-द-ओ नावाच्या धबधब्यापाशी. इथे आले तेव्हा त्यांनी शोधत शोधत हीच मूर्ती गाठली. इटालियन आजी आणि हैतीच्या मावशा एकाच मिरवणुकीत, एक इटालियनमध्ये, एक क्रेओलमध्ये. वस्ती गेली तरी देवी जागेवर राहिली, तर नवे भक्त तिला शोधून काढतात.

बॉस्टनची_बस

आमच्या बॉस्टनच्या नॉर्थ एंडलाही ऑगस्टभर हेच. संत अंतोनियोचा सण १९१९ पासून, आणि शाक्का गावच्या कोळ्यांचा १९१० पासून. कोळ्यांच्या सणात शेवटी एका लहान मुलीला देवदूताचे पंख लावून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून दोराने रस्त्यावर, मातेच्या मूर्तीसमोर सोडतात. ती अधांतरी लटकून प्रार्थना म्हणते. माझ्या मुलीने मला विचारलं, "आई, हिच्या आईने सही केली का फॉर्मवर?" अमेरिकेत वाढलेलं लेकरू.

एडिसन_काका

धाग्याच्या मूळ प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही म्हणून लिहितो.

मी जर्सीत पस्तीस वर्षं आहे. आमच्या मंडळाचा गणपती शाळेच्या जिममध्ये बसतो, जो वीकांत मिळेल त्या वीकांताला. शुक्रवारी संध्याकाळी आणतो, रविवारी दुपारी चारला जिमची किल्ली परत द्यायची असते. आरती, जेवण, नाटुकलं, निघाले. ज्यांनी सुरू केला ते आम्ही सगळे आता सत्तरीचे. पोरं येतात, मोदक खातात, फोनवर बघत बसतात. त्यांची काही चूक नाही. त्यांना करायला काही ठेवलेलंच नाही. खुर्च्या आम्ही लावतो, हिशेब आम्ही ठेवतो, माइक आमच्या हातातून सुटत नाही.

त्या लोकांनी पोरांना असं काय दिलं की ती स्टेटन आयलंडहून येतात? खरंच कळलं तर हवंय. टोमणा नाही.

विंचवाचं_बिऱ्हाड (मंगळवार, सकाळी)

काका, हाच प्रश्न काल मी आजींना विचारला. सरळ उत्तर मिळालं नाही, त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं.

लहान मुलांचा वेगळा, छोटा जील्यो असतो. त्याचा वेगळा दिवस, वेगळा बँड, वेगळे छोटे कापो. पहिलं बोट. मग पोरगा पंधरा-सोळाचा झाला की मोठ्यांच्या मागे पाणी घेऊन फिरतो, दुसरं बोट. मग दांड्याखाली जागा मिळते, आणि तीही उंचीप्रमाणे, कारण एक उंच असला तर सगळं वजन त्याच्यावर आणि बुटका असला तर तो नुसताच लोंबकळतो. मग वर्षानुवर्षं उचलल्यावर लेफ्टनंट, एका कोपऱ्याची जबाबदारी. मग शिकाऊ कापो. मग कापो. आणि मग क्रमांक एकचा कापो, जो आख्ख्या मिरवणुकीचा धनी. इथपर्यंत पोचायला अर्धं आयुष्य जातं, काहींचं पूर्ण जातं. पैसे देऊन मधली पायरी चुकवता येत नाही. आजींच्या नवऱ्याने एकतीस वर्षं उचललं आणि लेफ्टनंटच्या पुढे गेला नाही. त्यांना त्याची अजून चीड आहे, आणि ती सांगताना त्या वीस वर्षांनी लहान दिसतात.

आणि जत्रेच्या शेवटच्या रविवारी जुन्या कापोंचा मान. म्हातारे येतात, काठी हातात घेतात आणि एकेक उचल त्यांच्या इशाऱ्यावर होते. म्हणजे सत्तरीनंतरही रजा नाही, पण माइकही (काका, तुमचाच शब्द) थोडा वेळच.

एडिसन_काका

वाचलं. दोनदा वाचलं. कमिटीच्या ग्रुपवर टाकतोय. शिव्या खाईन.

तिखटमीठ

बायका उचलतात का? की तिकडेही झेप्पोले तळायचं काम आमच्याकडेच?

विंचवाचं_बिऱ्हाड

@तिखटमीठ, मी पाहिलं त्यात दांड्याखाली सगळे पुरुषच होते. आजींना विचारलं तर म्हणाल्या, "मला कधी उचलायचं नव्हतं, मला काठी हवी होती." यावर मी काय बोलणार.

झेप्पोलेबद्दल: पावाच्या पिठासारखं सैल, आंबवलेलं पीठ, हाताने लिंबाएवढा गोळा तोडून थेट उकळत्या तेलात. तळून फुगले की कागदी पिशवीत टाकायचे, वर पिठीसाखर, पिशवीचं तोंड धरून खडखडून हलवायचं. पाच मिनिटांत पिशवी तेलाने पारदर्शक होते आणि आतले मोजता येतात. सहा घेतले होते. घरी चार पोचले.

पन्हाळ्याचा_वारा

ताई, सासनकाठीचा व्हिडिओ तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आजींना दाखवा.

विंचवाचं_बिऱ्हाड (बुधवार, मध्यरात्रीनंतर)

आज रात्रीची उचल होती. दिवसाचा मनोरा आणि रात्रीचा मनोरा यांत फरक आहे. दिव्यांच्या माळा लावल्या की खालचे सव्वाशे जण अंधारात जातात आणि तो स्वतःच चालल्यासारखा दिसतो. या वेळी नवरा पण आला. पहिल्या धप्पला दचकला, तिसऱ्याला मोजायला लागला.

साडेदहाला आजींकडे गेलो. त्यांचा नातू स्वयंपाकघरात उघडा बसला होता, पाठ दाराकडे. उजव्या खांद्यावर मानेच्या बाजूला एक लालभडक पट्टा आणि त्याच्या मध्ये उंचवटा, लहान बटाट्याएवढा. मी घाबरले. आजी म्हणाल्या, ही आजची नाही, बारा वर्षांची आहे. आजचा फक्त लाल रंग. त्यांनी फ्रीजरमधली मटारची पिशवी काढून खांद्यावर आपटली, ठेवली असं म्हणवत नाही. पोरगा लाँग आयलंडला एअर कंडिशनर दुरुस्त करतो. उद्या सकाळी सहाला कामावर.

त्याला मी जोतिबाचा व्हिडिओ दाखवला. त्याने मटार खाली ठेवले आणि फोन दोन्ही हातांत धरला. एकदा पाहिला, पुन्हा लावला. दोर धरणाऱ्यांकडे बोट करून म्हणाला, हे चांगले आहेत, वरती बघत नाहीत. मग विचारलं, उचलणारा खरंच एकच? म्हटलं एकच, बाकीचे दोरावर. किती वेळ? म्हटलं दमला की दुसरा घेतो. गुलाल बघून आजी म्हणाल्या, कपडे कोण धुतं?

नातू बराच वेळ गप्प होता. तिसऱ्यांदा व्हिडिओ थांबवून त्याने काठी बुडख्यापासून तुऱ्यापर्यंत बोटाने मोठी करून पाहिली आणि मला विचारलं,

"पण बँड कुठे बसतो?"

@पन्हाळ्याचा_वारा, आता तुम्हीच सांगा.

पन्हाळ्याचा_वारा

त्याला म्हणावं, आमचा बँड चालत येतो. पायात चप्पलबी नसती.